न विचारलेला उपप्रश्न

नारायण पेठ, पुणे
२८ जून १९९७

चि. जयसिंगास अक्काचे आशीर्वाद.

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. तुझ्या दिल्लीच्या बंगल्यावर फोन लागला की तुझ्याभोवती दहा माणसं असतात. तू ‘हां अक्का, बघतो’ म्हणतोस आणि मागून कुणीतरी ‘साहेब, गाडी लागली’ म्हणतं. पत्र निदान तुला एकट्याला वाचावं लागेल.

मच्छिंद्रला जाऊन पाचवा महिना लागला. तुझ्या दाजींनी दुकान पुन्हा उघडलंय, पण गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं तरी ते पटकन उठत नाहीत. मी शाळेतून निवृत्त झाले ते बरंच झालं. या जूनमध्ये नव्या वर्गापुढे उभं राहून मला नागरिकशास्त्र शिकवता आलं नसतं.

कारखान्याचे लोक म्हणतात, चौकशी चालू आहे. कलेक्टर कचेरीत गेलो तर म्हणाले, परवाना केंद्राचा, आम्हांला त्यात बोलता येत नाही. केंद्राच्या खात्याला पत्रांमागून पत्रं घातली, एकाची पोच नाही. सिलिंडर भरायचा कारखाना पेटतो, माझा मुलगा आणि सरुबाईचा बजरंग जळून जातात, रियाजचे दोन्ही हात निकामी होतात, आणि एवढ्या मोठ्या देशात ‘का रे बाबा, असं कसं झालं?’ असं विचारायला एक माणूस सापडत नाही!

मग माझ्या डोक्यात आलं, माणूस आहे. मंत्र्याला समोर उभं करून विचारायची एक जागा या देशात आहे आणि तिथे माझा भाऊ बसतो.

भरपाईचं मी बोलत नाहीये. मला एवढंच विचारून हवंय, की हा कारखाना सुरक्षित आहे असं सही करून सांगणारा केंद्राचा निरीक्षक कारखान्याच्या आत पाऊल तरी टाकून गेला होता का? तू खासदार झाल्यापासून मी तुझ्याकडे शाळेच्या प्रवेशाची चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. हे मागते.

तुझी
अक्का


नवी दिल्ली
८ जुलै १९९७

ती. अक्कास जयसिंगचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा खोलीत खरंच माणसं होती. सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार लावून वाचलं.

अक्का, हे तू मागायच्या आधी मला सुचायला हवं होतं. मच्छिंद्र माझा भाचा. मांजरीच्या कालव्यात त्याला मी पोहायला शिकवलं. पाण्याला इतका भ्यायचा, की माझ्या गळ्याला नखं लागायची त्याची.

या अधिवेशनात तारांकित प्रश्न टाकतो. तारांकित म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. कुणाचा प्रश्न वर येणार ते चिठ्ठ्या काढून ठरतं, तेव्हा जरा नशीबही लागेल. पण एक गोष्ट लक्षात घे. मंत्र्याचं पहिलं उत्तर त्याच्या अधिकाऱ्यांनी आधीच लिहून दिलेलं असतं. ते गुळगुळीतच असणार. त्याला घाम फुटतो तो उपप्रश्नाला. त्याचं उत्तर संपलं की मी लगेच उभा राहून पुढचं विचारणार, तेव्हा त्याला सुटायला जागा नसते. सगळा देश बघत असतो, हल्ली प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर दाखवतात.

म्हणून उपप्रश्न तू लिहून पाठव. तुझ्यासारखे मला काढता येणार नाहीत. दाजींना नमस्कार.

तुझा
जयसिंग


नारायण पेठ, पुणे
१५ जुलै १९९७

चि. जयसिंगास,

पत्र वाचून फार दिवसांनी नीट झोप लागली.

उपप्रश्न लिहायच्या आधी रियाजला बोलावून घेतलं. भवानी पेठेतला मुलगा, मच्छिंद्र पर्यवेक्षक होता त्याच पाळीत काम करायचा. त्याची आई अख्तरबानू त्याला घेऊन आली, कारण त्याला अजून पेला धरता येत नाही. तुझ्या दाजींनी त्याला चहा पाजला. मग त्याने पहिल्यांदा सगळं सांगितलं. तुला ते त्याच्याच शब्दांत कळायला हवं.

“मावशी, वास आल्याबरोबर मच्छिंद्रनं सगळ्यांना बाहेर काढलं. आम्ही सगळे फाटकापाशी होतो. पण मेन व्हॉल्व्ह आतच. तो बंद केल्याशिवाय गॅस थांबणार नव्हता. मच्छिंद्र एकटा परत आत गेला. त्या व्हॉल्व्हचं चाक महिनाभर जाम होतं, मावशी. त्यानं साहेबांना माझ्यासमोर सांगितलं होतं. साहेब म्हणाले, निरीक्षक येऊन पास करून गेलेत, तू कशाला डोकं लावतोस? निरीक्षक आला होता हे खरंय. ऑफिसात जेवला आणि जीपमध्ये बसून गेला. आत आलाच नाही. मच्छिंद्र आतून ओरडला, चाक फिरत नाही, पाना आण! मी पाना आणायला शेडकडे पळालो. बजरंग फाटकापाशी होता, तो म्हणाला, मच्छिंद्र एकटाय, मी हात लावतो. तो आत गेला. मी पाना घेऊन दारात पोहोचलो आणि...”

अख्तरबानू त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तेव्हा विचारायचं ते इतकंच. निरीक्षक यंत्रापर्यंत गेला होता का? व्हॉल्व्ह नादुरुस्त असल्याचं व्यवस्थापनाला माहीत होतं की नाही? आणि ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्या कामगारांचा जबाब चौकशीत का घेतला नाही?

बजरंगच्या आईला, सरुबाईला, मी खराडीला जाऊन सांगून आले, की माझा भाऊ लोकसभेत विचारणार आहे. तिचा तो एकच. शेताच्या कडेला दोन खोल्या आहेत, तिथे एकटीच असते. म्हणाली, “इचारू द्या बाई. माझं पोर बाहीर आलं व्हतं, ते परत कशापायी आत गेलं, एवढं मला कुनीतरी सांगा.” म्हटलं, ते लोकसभेत सगळ्यांसमोरच कळेल.

अक्का


नवी दिल्ली
२४ जुलै १९९७

ती. अक्कास सा. न.

दोनच ओळी. चिठ्ठीत आपला नंबर लागला! ६ ऑगस्टच्या यादीत प्रश्न दुसरा आहे. दुसरा म्हणजे येणारच. अकरा वाजता टीव्ही लावा. सरुबाईला, रियाजला, सगळ्यांना बोलव.

जयसिंग


नारायण पेठ, पुणे
६ ऑगस्ट १९९७

चि. जयसिंग,

तुझी तब्येत बरी आहे ना? आधी ते कळव.

आज आपल्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. रियाज, अख्तरबानू, पाळीतली बाकीची मुलं, खालच्या मजल्यावरची मंडळी. सरुबाईला रियाजचा मित्र स्कूटरवरून घेऊन आला होता. तिला खुर्चीवर बस म्हटलं तर बसेना. टीव्हीच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसली. मांजरीहून सोजरबाई आत्या पहाटेच्या बसने आल्या होत्या. त्यांना लोकसभा वगैरे काही कळत नाही. “आपला जयसिंग कवा दिसंल?” एवढंच विचारत होत्या.

पहिला प्रश्न संपला. अध्यक्षांनी आपल्या प्रश्नाचा क्रमांक पुकारला आणि तुझं नाव घेतलं. जयसिंग, सगळे टीव्हीकडे सरकले. पुन्हा एकदा तुझं नाव घेतलं. मग ते काहीतरी पुटपुटले आणि पुढचा क्रमांक पुकारला. मंत्रिमहोदय हातातला कागद खाली ठेवून बसले.

कुणालाच काही समजलं नाही. आत्यांनी विचारलं, “झालं का?” मीच सांगितलं, की अडचण आली असेल, तब्येत बिघडली असेल. लोक हळूहळू उठले. सरुबाई तशीच बसून होती, तिला वाटत होतं पुन्हा पुकारतील.

संध्याकाळी बूथवरून तुझ्या बंगल्यावर फोन केला. तिथला माणूस म्हणाला, साहेब सकाळीच पार्लमेंटला गेलेत, ठीक आहेत. मग वाटेत काही झालं का? जीव टांगणीला लागलाय. उलट टपाली लिही.

अक्का


नवी दिल्ली
१४ ऑगस्ट १९९७

ती. अक्कास सा. न.

माफ कर, तुम्हा सगळ्यांना फार ताप दिला. त्या दिवशी मलाही खरंच ताप होता. सकाळी घरून निघालो, पण पार्लमेंटच्या दवाखान्यातच मला झोपवलं. डॉक्टर सोडेनात. आता बरा आहे.

प्रश्न वाया गेला असं समजू नकोस. सदस्य गैरहजर असला तरी मंत्र्यांचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर येतंच. उत्तरात विशेष काही नाही, नेहमीचंच आहे. पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकू.

इकडे स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाची धामधूम आहे. सगळी दिल्ली दिव्यांनी लखलखते आहे. आत्यांना म्हणावं, जयसिंग पुढच्या वेळी नक्की दिसेल.

तुझा
जयसिंग


नारायण पेठ, पुणे
४ सप्टेंबर १९९७

जयसिंग,

काल तुझा कार्यकर्ता संभाजी आला होता. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, चेहऱ्यावर कौतुक. ‘साहेबांनी लोकसभेत उसाच्या भावाचा प्रश्न कसा लावून धरला बघा, ताई.’ मांजरीत त्याच्या प्रती काढून वाटल्यात म्हणे. मी वाचलं. ६ ऑगस्ट, दुपारी, शून्य प्रहर. म्हणजे तुझं नाव पुकारल्यानंतर तासाभरात. तापात बरं बोललास.

संभाजीला बिचाऱ्याला काही माहीत नाही. मी त्याला चहा दिला.

आता त्या ‘नेहमीच्या’ उत्तराचं. ते इथल्या पेपरात आतल्या पानावर आलंय. ‘पर्यवेक्षकाने मुख्य झडप वेळेत बंद न केल्याने दुर्घटना घडली. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा हेच कारण असल्याचे चौकशीत निष्पन्न झाले आहे. विहित तपासणी रीतसर करण्यात आली होती.’ झडप हा शब्द मला आधी कळलाच नाही. मग कळला, व्हॉल्व्ह. ज्या चाकाला धरून माझा मुलगा मेला, ते त्याने बंद केलं नाही म्हणतात.

हे तू मला लिहिलं नाहीस. तुला ‘विशेष काही नाही’ वाटलं.

कारखान्याचे वकील आता तेच उत्तर दाखवतात. खुद्द मंत्र्यांनी लोकसभेत सांगितलंय, तुम्ही अजून काय वाद घालता? रियाजला तर म्हणाले, तुझ्या दोस्ताच्या चुकीने तुझे हात गेले, त्याच्या घरच्यांकडे माग.

आणि सरुबाईला कुणीतरी ती बातमी वाचून दाखवली. मी परवा खराडीला गेले होते. दार आतून लावलेलं. मी हाक मारली. आतून म्हणाली, “जावा बाई. तुमच्या पोराच्या चुकीनं माझा बजरंग जळाला. सरकार काय खोटं बोलतंय व्हय?”

मी म्हणाले, “सरुबाई, खोटं आहे ते.”

“मग तुमच्या भावानं उठून सांगितलं का न्हाई? म्या समोर बसून बघितलंय. त्यो आलाच न्हाई. त्याला बी ठावं आसंल.”

जयसिंग, तू कुठे होतास?

अक्का


नवी दिल्ली
२३ सप्टेंबर १९९७

ती. अक्कास सा. न.

पुष्कळ पत्रं लिहून फाडली. शेवटी ठरवलं, झालं तसं सांगायचं.

त्या दिवशी सभागृह सुरू व्हायच्या आधी आमच्या नेत्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. मित्रपक्षाचे ते मंत्री तिथेच बसले होते. मला म्हणाले, “जयसिंगराव, तुमचे उपप्रश्न कुठल्या दिशेने जाणार ते मला माहीत आहे. त्या निरीक्षकाला कुणी नेमलं, तो कुणाचा कोण, हे सगळं निघेल. ते आज निघालं तर आमचा पक्ष सरकारात राहायचं की नाही याचा विचार करेल.” एवढं बोलून ते सभागृहात निघून गेले. मीही उठलो, तर आमचे नेते म्हणाले, “बसा हो. चहा सांगितलाय. चहा सावकाश घ्या.”

आवाज चढवला नाही, धमकी नाही. हे सरकार चार टेकूंवर उभं आहे, अक्का. एक काढला की पडलं. नेते म्हणाले, चौकशी आपण आतून पुन्हा उघडायला लावू, शब्द देतो. मी विश्वास ठेवला. त्या खोलीत टीव्ही होता. माझं नाव पुकारलं ते मी ऐकलं. कॅमेरा फिरला तेव्हा माझी रिकामी जागा मीही बघितली. तुम्ही पुण्यात बघत होतात आणि मी तिथून दोन दारं पलीकडे.

तुला राग येणार हे मला माहीत आहे. पण तू वर्गात शिकवायचीस तसं हे सभागृह नाही. इथे वेळ बघून बोलावं लागतं. मी त्या दिवशी हट्ट केला असता तर सरकार गेलं असतं आणि तुझं उत्तर तरी मिळालं असतं का?

उत्तरात मच्छिंद्रचं असं येईल हे मला आधी माहीत नव्हतं. एवढं तरी खरं मान.

खासदार निधीतून खराडीच्या चौकात मच्छिंद्रच्या नावाने वाचनालय मंजूर करून घेतो. जागा संभाजीने बघून ठेवली आहे. कृपा करून तू हे पेपरवाल्यांकडे नेऊ नकोस.

तुझा
जयसिंग


नारायण पेठ, पुणे
१६ ऑक्टोबर १९९७

जयसिंग,

वाचनालय नको. ज्या सरकारच्या कागदावर तो निष्काळजी आहे, त्याच सरकारच्या निधीतून त्याच्या नावाची पाटी? लोक तिथे बसून तेच उत्तर वाचतील.

पेपरवाल्यांकडे जाणार नाही. तुझ्यासाठी नव्हे. आणखी एक बातमी आणि आणखी एक खुलासा, एवढंच त्यातून होईल. लोकसभेत जे नोंदलं गेलंय ते लोकसभेतच दुरुस्त व्हायला हवं.

मी नियम बघितले. सामान्य माणसाला लोकसभेकडे याचिका करता येते, मात्र ती एखाद्या सदस्याने सही करून सभागृहात मांडावी लागते. आम्ही ती तयार केली आहे. रियाजने अंगठ्याच्या जागी मनगटाचा ठसा दिला, कारण बोटं उमटत नाहीत. पाळीतल्या सगळ्यांच्या सह्या आहेत. तुझ्या दाजींनी केली, मी केली. सरुबाईची नाही. पुन्हा गेले होते, तिने दार उघडलं नाही.

याचिकेत मागणी एकच. उत्तर तपासून दुरुस्त करा.

तू म्हणतोस तिथे वेळ बघून बोलावं लागतं. असेल. मी तीस वर्षं मुलींना शिकवलं, की मंत्री लोकसभेला जबाबदार असतात आणि लोकसभा लोकांना. त्यातली एखादी भेटली तर तिला काय सांगू, चहा सावकाश घ्यायचा असतो म्हणून?

तू लहान होतास तेव्हा मी तुझ्यासाठी काय केलं ते मी मोजत नाही. भाऊ म्हणून काही मागतच नाहीये. मी तुझ्या मतदारसंघातली एक बाई आहे आणि तू माझा खासदार आहेस. हा कागद मांड.

प्रेमला


नवी दिल्ली
२६ नोव्हेंबर १९९७

ती. अक्कास,

याचिकेवर मी सही केली आहे. अध्यक्षांच्या कार्यालयाने मांडायला परवानगी दिली. नेत्यांना तोंडावर सांगून आलो, या वेळी चहा घेणार नाही. ते म्हणाले, “मग पुढच्या वेळी तिकीटही घेऊ नका.” मी बरं म्हणालो. ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हा हलकं वाटलं, अक्का. फार दिवसांनी.

पण सभागृह चालतच नाही. दुसऱ्याच एका प्रकरणावरून रोज गोंधळ. माणसं अध्यक्षांपुढच्या मोकळ्या जागेत उतरतात, आरडाओरडा होतो आणि बसल्या जागी कामकाज तहकूब होतं. काल यादीत माझं नाव होतं. मी कागद घेऊन उभा राहिलो, ‘अध्यक्ष महोदय’ एवढं म्हणालो आणि सभागृह उठलं. आज पुन्हा तेच.

उद्या परत उभा राहतो. रोज उभा राहीन.

जयसिंग


नवी दिल्ली
५ डिसेंबर १९९७

ती. अक्कास,

सरकार पडलं हे तू ऐकलंच असशील. काल लोकसभा विसर्जित झाली.

सभागृह गेलं की त्यापुढचं सगळं त्याच्याबरोबर जातं. विधेयकं, याचिका, सगळं रद्द. आपली तर मांडलीसुद्धा गेली नव्हती. ज्या सरकारला वाचवायला मी त्या खोलीत बसून राहिलो ते चार महिनेसुद्धा टिकलं नाही.

मंत्र्यांचं उत्तर मात्र रद्द होत नाही. कार्यालयात विचारलं. तिथला अधिकारी सौजन्याने म्हणाला, “कामकाजाचा वृत्तान्त कायमचा असतो, साहेब.”

बंगला रिकामा करायचा आहे. सामान मांजरीला पाठवतो. मला दुसरं काही लिहिता येत नाही.

जयसिंग


मांजरी
१३ फेब्रुवारी १९९८

ती. अक्कास,

तुझं पत्र नाही. दोन महिने वाट बघितली. मांजरीहून नारायण पेठेत यायला बसने तास लागतो, पण तू बोलावल्याशिवाय जिना चढायचं धाडस होत नाही.

तिकीट दुसऱ्याला मिळालं. संभाजी त्याच्या प्रचारात आहे. समोरून जाताना त्याने जीप थांबवली नाही.

परवा मच्छिंद्रचं वर्ष झालं. बजरंगचंही. मी खराडीला सरुबाईकडे गेलो. तिने मला ओळखलं नाही. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाली, “बसा.” मी तिच्या अंगणात जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह जाम होता, निरीक्षक आत गेलाच नव्हता, मच्छिंद्रने सगळ्यांना बाहेर काढलं, तुमचा बजरंग त्याच्या मदतीला परत गेला. तुमच्या मुलाने जीव धोक्यात घातला तो एका चांगल्या माणसासाठी, मावशी. मंत्र्यांनी सांगितलं ते खोटं आहे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “ह्ये तुमास्नी कवा कळलं?”

मी म्हणालो, “मागच्या आषाढातच. अक्काने लिहिलं होतं.”

“मंजी तवा तुमी खासदार व्हता.”

“हो.”

“मग तितं का न्हाई बोलला?”

अक्का, मी नेत्यांचं सांगायला लागलो, सरकारचं, टेकूंचं. ती ऐकत होती. समजून घ्यायचा प्रयत्न करत होती, खरंच. मध्येच मला माझाच आवाज ऐकू आला आणि मी थांबलो. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हणाली, “पानी प्या आन् जावा. उन्हं चढत्याती.”

जयसिंग


नारायण पेठ, पुणे
८ मार्च १९९८

जयसिंग,

मी लिहिणार नव्हते. पण सरुबाई काल आली होती, ते तुला कळायला हवं.

एकटीच आली, विचारत विचारत. तुझे दाजी दुकानात होते. मी तिला वर घेतलं. मच्छिंद्रच्या फोटोपुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “बाई, तुमचा भाऊ आला व्हता. त्यो बोलला ते खरं हाय का?”

मी म्हणाले, “अक्षर न् अक्षर खरं आहे.”

“तुमच्या पोराची चूक नव्हती?”

“नव्हती, सरुबाई.”

ती मान हलवत राहिली. मला वाटलं, पटलं तिला. वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं, की कुणातरी एका माणसाजवळ तरी माझा मच्छिंद्र निर्दोष आहे. मी तिचा हात धरायला पुढे झाले.

तिने तो हळूच काढून घेतला. रागाने नव्हे. म्हणाली, “भाऊच तुमचा. त्यो तुमच्याच बाजूनं बोलनार. आन् तुमी आई. तुमी दुसरं काय सांगनार? तितं सगळ्यांम्होरं बोलला आसता तर म्या मानलं आसतं. आता मला कसं कळावं, बाई, माझं पोर कुनासाठी मेलं?”

मी तिच्यावर रागावू शकले नाही. तिच्या जागी मी असते तर मीही सरकारचंच खरं धरलं असतं. शाळेत मुलींना तसंच सांगत आले, की सभागृहात झालेलं बोलणं पक्कं असतं. जिना उतरताना तिला आधार हवा होता, तेवढा तिने घेतला. खाली गेल्यावर नमस्कार केला आणि गेली. ती आता बहिणीकडे बीडला राहायला जातेय. खराडीच्या खोल्या आणि शेत बिल्डरने घेतलंय.

रियाज निवडणुकीत नव्या उमेदवाराच्या सभेत उभा राहिला होता. हात वर करून म्हणाला, “निवडून आलात तर आमचा प्रश्न विचाराल का?” उमेदवार म्हणाले, “अलबत, पहिल्याच अधिवेशनात.” टाळ्या झाल्या म्हणे. ते निवडून आलेत. रियाज कालपासून नव्या याचिकेचा मसुदा सांगतो आणि अख्तरबानूच्या शेजारची मुलगी लिहून घेते. त्याला मी ‘करू नको’ म्हणाले नाही.

तू त्या नोव्हेंबरात रोज उभा राहिलास हे मला ठाऊक आहे. तिकिटावर पाणी सोडलंस तेही ठाऊक आहे. त्याचं मला काही वाटत नाही असं समजू नकोस. पण जयसिंग, खरं तुझ्या तोंडून निघालं तेव्हा तू फक्त माझा भाऊ उरला होतास, आणि भावाची साक्ष कुणी धरत नाही.

जिना चढायचं धाडस होत नाही असं लिहिलंस. इतक्यात चढूही नकोस. आज तू समोर आलास तर मी तुला जेवायला वाढीन, तुझी तब्येत विचारीन, आणि तू गेल्यावर मला स्वतःचा राग येईल. तेवढं बळ माझ्यात नाही.

आत्यांची खोली कोरडी ठेवत जा, त्यांना ओलीचा त्रास होतो. स्वतःला जप.

अक्का